परश्या खोली शोधतो

चाकणच्या तळेगाव चौकातून नाणेकरवाडीकडे वळलं की विजेच्या खांबांवर, बंद शटरवर, झाडांच्या बुंध्यांवरसुद्धा एकाच मजकुराचे कागद चिकटवलेले दिसतात. 'रूम भाड्याने देणे आहे.' खाली मोबाइल नंबर आणि त्याच्याखाली, बहुतेक वेळा लाल स्केचपेनने, दोन शब्द: 'फक्त फॅमिली'. मेदनकरवाडी, खराबवाडी, महाळुंगे, कुरुळी, तिकडे भोसरी, चिखली, तळवडे, कुठेही जा, हे दोन शब्द तुमच्या आधी पोचलेले असतात. आयटीआय करून नांदेड-हिंगोलीहून आलेला पोरगा पहिल्या दिवशी कंपनीचं गेट शोधतो आणि दुसऱ्या दिवशी खोली. गेट लवकर सापडतं.

अशाच एका खोलीत मी एका गुरुवारी बसलो होतो. गुरुवार म्हणजे या पट्ट्यातला रविवार. बहुतेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी त्या दिवशी असते. दहा बाय बाराची पत्र्याची खोली आणि पाच जण. एक जण नाइट करून आला होता आणि भिंतीकडे तोंड करून झोपला होता. दोघे कपडे पिळत होते, एक कणीक मळत होता. तेलाच्या बाटलीला टेकवून ठेवलेल्या मोबाइलवर 'अशी ही बनवाबनवी' चालू होता. त्याकडे कुणी बघत नव्हतं, कारण बघायची गरजच नव्हती. कणीक मळणारा पोरगा मान वर न करता अशोक सराफांच्या अर्धा सेकंद आधी वाक्य म्हणत होता, आणि त्याला उत्तर बाहेरच्या नळावरून येत होतं. सिनेमा १९८८ चा, आणि या खोलीतल्या कुणाचाही जन्म तेव्हा झालेला नव्हता.

संवाद चांगला होता म्हणून लक्षात राहिला, असं आपण सहज म्हणून टाकतो. पण चांगली वाक्यं तर शेकड्यांनी लिहिली जातात आणि विसरलीही जातात. मग काही मोजकीच वाक्यं पिढ्या ओलांडून, पडदा सोडून, कणकेच्या परातीपर्यंत का येतात? माझ्या मते त्याचं उत्तर वाक्यात नसतं. पटकथेने त्या वाक्याच्या आधी काय काय साठवून ठेवलं आहे, त्यात ते असतं. आणि ते पाहायला या खोलीइतकी योग्य जागा दुसरी नाही, कारण 'बनवाबनवी'ची पटकथा मुळात खोलीचीच गोष्ट आहे.

गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, तरी तिचा सांगाडा एकदा समोर ठेवू. धनंजय माने पुण्यात एका सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात नोकरी करतो आणि विश्वास सरपोतदार या घरमालकाकडे भाड्याने राहतो. धाकटा भाऊ शंतनू डॉक्टरकीचं शिकतो आहे. सुधीर आणि परशुराम हे दोन मित्र येऊन मिळतात. एका भाडेकरूच्या जागी चार जण होतात आणि सरपोतदार घर सोडायला लावतात. पुढचं घर लीलाबाई काळभोरांचं, पण बाई जागा देणार फक्त जोडप्यांना. तेव्हा सुधीरची सुधा होते आणि परशुरामची, म्हणजे आपल्या परश्याची, पार्वती. डोक्यावर छप्पर येतं आणि त्याच क्षणापासून ते छप्पर टिकवण्याची कसरत सुरू होते.

लीलाबाईंचं आडनाव काळभोर आहे, हे पिंपरी-चिंचवडमधल्या माणसाला वेगळं ऐकू येतं. लोणी काळभोर पुण्याच्या पूर्वेला आहे, पण आकुर्डी-निगडीच्या बाजूलाही काळभोरांची मोठी भावकी आहे. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर काळभोरनगर आहे. स्थानिक, जमीनजुमला असलेलं, पिढ्यान् पिढ्या इथलं घर, हे सगळं त्या एका आडनावात येतं. लेखकाने मुद्दाम निवडलं की सहज सुचलं, त्याने फरक पडत नाही. पुणे जिल्ह्यात घर मागणाऱ्याने कुणाच्या दारात उभं राहायचं असतं, ते या आडनावाने एका शब्दात सांगून टाकलं.

ही पटकथा मुळातून मराठीत जन्मलेली नाही. बंगालीत १९५५ मध्ये 'जय माँ काली बोर्डिंग' आला, त्यावरून हृषीकेश मुखर्जींनी १९६६ मध्ये हिंदीत 'बीवी और मकान' केला. तो फारसा चालला नाही. बावीस वर्षांनी किरण शांताराम यांच्या निर्मितीत, सचिन पिळगांवकर यांच्या दिग्दर्शनाखाली तीच गोष्ट मराठीत आली. लेखक होते वसंत सबनीस. पुढे १९९१ मध्ये ती इथून तेलुगूत गेली. गोष्ट एकच, पण मराठीत आली आणि घरची झाली. घरची झाली ती सबनिसांच्या हातून.

त्यांनी काय केलं, ते तीन वाक्यांतून बघता येतं. पहिलं, दारात उभं राहून विचारलेला साधा प्रश्न: 'धनंजय माने इथेच राहतात का?' यात विनोद कुठे आहे? शोधून सापडणार नाही. कुणीही कुणाच्याही दारात विचारावं असं हे वाक्य आहे. पण त्यातला 'इथेच' ऐका. नुसतं 'इथे' नाही. तो 'च' सांगतो की विचारणारा चार दारं फिरून आला आहे. 'राहतात' हे आदरार्थी बहुवचन आहे, म्हणजे विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कुणी प्रतिष्ठित धनंजय माने आहेत. आणि तो प्रश्न पोचतो कुठे, तर ज्या घरात वाढलेलं प्रत्येक माणूस मोजलं जातं तिथे. प्रेक्षकाला हे सगळं आधी कळून चुकलेलं असतं, म्हणून साधा पत्ता विचारणारं वाक्य स्फोटक होतं. नाणेकरवाडीच्या त्या खोलीत हे वाक्य कानावर पडलं तेव्हा झोपलेला पोरगासुद्धा कुशीवर वळून हसला. तिथेही कागदावर तिघांचीच नोंद होती.

दुसरं वाक्य अजून लहान आहे. बायकोची ओळख करून देताना नवरा म्हणून उभा असलेल्या माणसाच्या तोंडून जातं: 'हा माझा बायको.' सगळी गंमत व्याकरणाची आहे. मराठीत सर्वनामाला लिंग आहे, 'माझा-माझी'ला लिंग आहे, क्रियापदालाही आहे. मराठी माणूस दिवसभर, प्रत्येक वाक्यात, नकळत पुरुष आणि बाई वेगळे करत बोलतो. अशा भाषेत पुरुषाला बाई म्हणून वावरायचं म्हणजे केवळ साडी नेसून भागत नाही, सोबतच्या प्रत्येकाला आपलं व्याकरण बदलावं लागतं. एक 'हा' तोंडातून निसटला की साडी, अंबाडा, कुंकू सगळं फुकट. बंगालीत असं व्याकरणातलं लिंग नाहीच. तिथे 'तो' आणि 'ती' या दोघांना एकच सर्वनाम लागतं. म्हणजे ज्या भाषेत ही गोष्ट पहिल्यांदा सिनेमात आली, तिथे हा विनोद होणंच शक्य नव्हतं. भाषांतरकार आणि पटकथाकार यांच्यातला फरक मला विचाराल तर मी या तीन शब्दांकडे बोट दाखवीन. परक्या गोष्टीत सबनिसांनी आपल्या भाषेची अडचण शोधली आणि तिलाच कामाला लावलं.

तिसरं: 'सत्तर रुपये वारले.' घरमालकाने औषध आणायला म्हणून दिलेले पैसे. औषध आणणारा मित्र वारला, अशी बातमी धनंजय त्याला देतो, आणि मग पैशांचं काय, याचं उत्तर म्हणजे हे वाक्य. आपल्याकडे पैसे बुडतात. माणसं वारतात. 'मेला' नाही, 'गेला' नाही, तर 'वारले', म्हणजे वर्तमानपत्राच्या निधनवार्तेतला, हात जोडून उच्चारायचा शब्द. सबनिसांनी एक क्रियापद माणसाकडून उचललं आणि पैशांवर ठेवलं. बाकी काही केलं नाही. पण त्या एका शब्दाने घरमालकाला शोक पाळायला लावला. मेलेल्या माणसाबद्दल तक्रार कशी करणार? आज कंपनीतल्या कॅन्टीनमध्ये उसने दिलेले पैसे मागताना 'वारले का?' असं विचारलं जातं, आणि मागणाऱ्याला ओशाळं न होता मागता येतं. जी गोष्ट सरळ बोलायला जड जाते ती बोलायची वाट करून देणं हे मोठं काम आहे. ते या संवादाने केलं आहे.

या सगळ्यामागे पटकथेचं एक साधं यंत्र आहे. चौघांना घर हवं म्हणून एक खोटं बोललं जातं. ते टिकवायला दुसरं लागतं. चौघेही प्रेमात पडतात, बायका घरी येऊ-जाऊ लागतात, मालकीणबाईंचा जीव जडतो, आणि घरातल्या प्रत्येक माणसाला दोन चेहरे मिळतात. त्यामुळे प्रत्येक साध्या वाक्याला दोन अर्थ येतात: खोटं माहीत असलेल्याला एक आणि नसलेल्याला दुसरा. प्रेक्षक दोन्ही बाजूंना एकाच वेळी बसलेला असतो. मग लेखकाला कोट्या करायची गरजच राहत नाही. 'चहा घ्या' हेही हशा पिकवतं. जुळणीच्या लाइनवर काम करणाऱ्याला हे पटकन समजेल. सुटा पार्ट हातात घेऊन बघितला तर त्यात विशेष काही दिसत नाही. तो आपल्या जागी बसला की इंजिन फिरतं.

वसंत सबनिसांच्या हाताला हे वळण कुठून आलं? त्यासाठी चाकणहून नाशिकच्या रस्त्याने वर जावं लागेल. राजगुरुनगर, मंचर मागे टाकलं की नारायणगाव. तमाशाची पंढरी. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांचं गाव. चैत्राच्या सुमाराला फडांच्या राहुट्या लागतात आणि खेड, मावळ, जुन्नरची गावं आपापल्या जत्रेची सुपारी द्यायला येतात. ज्यांच्या जमिनींवर आज मोटारींचे कारखाने उभे आहेत त्या गावांच्या जत्राही अशाच ठरत आल्या आहेत. तमाशात गण आणि गवळण झाली की बतावणी येते. लिहिलेला कागद नाही. सरदार बोलतो, सोंगाड्या त्याचाच शब्द उचलून त्याच्यावर उलटवतो. शब्द शब्दशः घ्यायचा, किंवा नेमका चुकीच्या जागी ठेवायचा. 'सत्तर रुपये वारले' ही शुद्ध बतावणी आहे. आणि गवळणीतली मावशी, म्हणजे लुगडं नेसून ठसक्यात उभा राहिलेला पुरुष? परश्याची पार्वती तिच्याच घराण्यातली. सबनिसांनी १९६५ मध्ये 'विच्छा माझी पुरी करा' हे लोकनाट्य दिलं, १९७१ मध्ये दादा कोंडक्यांसाठी 'सोंगाड्या' लिहिला. ही त्यांची तालीम होती. तमाशाच्या फडातला बोलण्याचा कस त्यांनी उचलला आणि पुण्याच्या भाड्याच्या घरात आणून बसवला. तंबूत जे सैल, लांबत जाणारं होतं, ते पटकथेत घट्ट झालं.

लक्षात राहिलेल्या मराठी वाक्यांची यादी मनात करू लागलो की एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा जाणवते. त्यांतली कितीतरी वाक्यं प्रश्न आहेत. विधान एकदा बोललं की संपतं. प्रश्न दुसऱ्या कुणालाही, दुसऱ्या कुठल्याही जागी पुन्हा विचारता येतो. आणि मराठी सिनेमातला सर्वांत जड प्रश्न विजय तेंडुलकरांनी लिहिला: 'मारुती कांबळेचं काय झालं?'

जब्बार पटेल यांचा 'सामना' १९७५ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता. निर्माते रामदास फुटाणे. साखर कारखान्याचे सर्वेसर्वा हिंदुराव धोंडे पाटील, म्हणजे निळू फुले. त्यांच्या राज्यात दारूने खंगलेला एक जुना गांधीवादी मास्तर येऊन पडतो, म्हणजे डॉ. श्रीराम लागू. त्याच्या कानावर एक नाव येतं, मारुती कांबळे. सैन्यातून परतलेला, गावात ताठ मानेने उभा राहिलेला आणि मग नाहीसा झालेला माणूस. मास्तर विचारू लागतो. याला, त्याला, ज्याचं मीठ खातो त्या हिंदुरावांनाही. तेंडुलकरांनी वाक्य बदललं नाही. त्याच्याभोवतीची माणसं बदलली, आणि तेवढ्याने तेच शब्द आधी दारुड्याची चौकशी वाटले, मग पायात रुतलेला काटा, आणि पुढे एका साम्राज्याचा पाया उकरणारी पहार. पटकथेत पुनरावृत्ती हा दोष मानतात. इथे तीच कणा आहे.

त्या प्रश्नापुढे उभा राहणारा आवाजही तसाच लागतो. निळू फुले पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करत, सेवा दलाच्या कलापथकातून पुढे आले. त्यांच्या खलनायकाला ओरडायची गरज कधी भासली नाही. हिंदुराव समोरच्याला हळू आवाजात, जवळजवळ मायेने बोलतात, आणि ऐकणाऱ्याच्या पाठीतून थंडी जाते. लिहिलेला शब्द नटाच्या घशातून जाईपर्यंत अर्धाच असतो, हे त्यांच्याकडे बघून कळतं. पिंपळे गुरवमध्ये महापालिकेने त्यांच्या नावाचं रंगमंदिर बांधलं आहे.

या प्रश्नाचा माझ्यापुरता एक प्रसंग आहे. एका कंपनीच्या गेटवर सभा चालू होती. करार रखडला होता, आणि त्याआधी कामावरून कमी केलेल्या एका कंत्राटी मुलाचा विषय कुणी काढत नव्हतं. भाषणं झाली, घोषणा झाल्या. मग मागून कुणीतरी, अजिबात आवाज न चढवता, त्या मुलाचं नाव घेऊन विचारलं, 'त्याचं काय झालं?' एवढंच. सभेत क्षणभर शांतता पसरली. विचारणाऱ्याने 'सामना' पाहिला होता की नाही, ठाऊक नाही. पण तिथे जमलेल्या जुन्या कामगारांना तो ऐकू आला होता, हे त्यांच्या चेहऱ्यांवर दिसलं.

कारखान्यांच्या या शहराने आपल्या नाट्यगृहांना कुणाची नावं दिली, ते बघण्यासारखं आहे. पिंपरीत संत तुकारामनगरला आचार्य अत्रे रंगमंदिर. अत्र्यांनी 'ब्रह्मचारी'सारखा खळाळता बोलपट लिहिला आणि १९५३ मध्ये 'श्यामची आई' केला. पहिल्याच राष्ट्रीय पुरस्कारात त्याला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. व्यासपीठावर ज्याच्या शब्दांचा धबधबा कोसळे त्या माणसाने आईच्या तोंडी इतके मोजके शब्द ठेवले, याचं मला अजून नवल वाटतं. आणि प्राधिकरणात ग. दि. माडगूळकरांच्या नावाचं नाट्यगृह. गदिमांची ओळख आपण गाण्यांपाशी थांबवतो. पण ते पटकथेचेही मोठे कारागीर. 'रामजोशी', 'पेडगावचे शहाणे', 'जगाच्या पाठीवर' आणि शांतारामबापूंचा 'दो आँखें बारह हाथ'. सहा खुनी कैद्यांना घेऊन उजाड माळावर शेती पिकवायला निघालेल्या जेलरची ती कथा औंध संस्थानाच्या आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगावर बेतलेली आहे. गदिमांच्या जन्मगावाच्या पंचक्रोशीतलीच ती माती. त्यांचं 'पंचवटी' हे घर वाकडेवाडीला पुणे-मुंबई रस्त्यावर होतं. पिंपरीला जाणाऱ्या गाड्या त्याच रस्त्याने जात.

पण या पट्ट्याचा स्वतःचा, याच मातीतला थोर बोलपट कोणता, असं कुणी विचारलं तर मी देहूकडे बोट दाखवीन. एका बाजूला निगडी-तळवडे, पलीकडे चाकण-तळेगाव, आणि मध्ये इंद्रायणीकाठी देहू. प्रभात फिल्म कंपनीचा 'संत तुकाराम' १९३६ चा. दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल, तुकाराम विष्णुपंत पागनीस, आणि पटकथा-संवाद शिवराम वाशीकरांचे. मुंबईच्या सेंट्रल सिनेमात तो वर्षाहून अधिक चालला, १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. त्या यशात वाशीकरांचं नाव क्वचितच घेतलं जातं, आणि ते मला खटकतं.

वाशीकरांपुढची अडचण अशी होती की नायकाची सगळी उत्तम वाक्यं तीनशे वर्षांपूर्वीच लिहून झालेली होती. तुकारामांच्या तोंडी अभंग असताना संवादलेखकाने लिहायचं काय? त्यांनी लिहिली ती आवली. जिजाई. पांढऱ्या ढगांत रमलेल्या नवऱ्याच्या घरात चूल पेटवणारी, म्हशीची, पोरांची काळजी वाहणारी बाई. तिची भाषा घरातली, दमलेली, फटकळ आणि मायाळू. गौरी नावाच्या अभिनेत्रीने ती केली, आणि अशी केली की आजही ती बोलू लागली की शेजारच्या घरातून आवाज येतो आहे असं वाटतं. पोर आजारी पडतं तेव्हा ती एका हाताने त्याला ओढत आणि दुसऱ्या हातात पायताण घेऊन थेट विठ्ठलासमोर जाऊन उभी राहते. भक्तिपटात देवाला असं खडसावणारी बाई! पण प्रेक्षकांना त्यात पाप दिसलं नाही. त्यांना आपली आई दिसली. तुकारामाची वाणी आकाशाला भिडलेली आणि आवलीची वाणी शेणामातीतली. या दोन आवाजांच्या ताणावर ती सगळी पटकथा उभी आहे. शेवटी तुकाराम तिला वैकुंठाला चल म्हणतात आणि ती जात नाही, पोरांकडे कोण बघणार म्हणून. अख्ख्या सिनेमाचं तत्त्वज्ञान एका पारड्यात आणि ते घरगुती उत्तर दुसऱ्या पारड्यात. वाशीकरांनी दुसरं पारडं हलकं होऊ दिलं नाही.

याच सिनेमातली अजून एक गोष्ट लिहिणाऱ्या प्रत्येकाने मनात ठेवावी अशी आहे. त्यातलं 'आधी बीज एकले' हे गीत शांताराम आठवल्यांनी सिनेमासाठी लिहिलं. ते तुकोबांच्या बोलीत इतकं मुरलेलं आहे की असंख्य लोक आजही तो तुकारामांचाच अभंग समजतात. लेखकाचं नाव पुसलं जाणं हा अन्याय खरा. पण शब्द त्या जागी किती नेमके बसले, याची याहून मोठी पावती नाही.

चिंचवडच्या वाट्याला आणखी एक वाक्य आलं आहे. ते सिनेमाआधीचं. चाफेकर बंधू चिंचवडचे. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग अधिकारी रँडची बग्गी आली आणि ठरलेली खूण अंधारात घुमली: 'गोंद्या आला रे!' ऐकणाऱ्याला वाटावं, कुणीतरी आपल्या मित्राला हाक मारतो आहे. त्या तीन शब्दांत प्लेगच्या साथीतले घरात घुसणारे बूट, देवघरांची झालेली विटंबना, मनात धुमसणारा राग, सगळं दडलेलं होतं. जयू आणि नचिकेत पटवर्धनांनी १९७९ मध्ये रँडच्या हत्येच्या या घटनेवर चित्रपट केला आणि त्याचं नाव नुसती तारीख ठेवलं, '२२ जून १८९७'. वरून साधं आणि आत दारू ठासलेली, अशा वाक्याचा नमुना म्हणून मला नेहमी तीच हाक आठवते.

आता दुसरा परश्या. नागराज मंजुळे यांचा 'सैराट' २०१६ चा. करमाळ्याकडची बोली, आर्ची आणि प्रशांत काळे, म्हणजे परश्या. आर्चीचं ते वाक्य तेव्हा शाळेच्या पोरांपासून चाकणच्या शेअर रिक्षांच्या मागच्या काचेपर्यंत पोचलं: मराठीत सांगितलेलं कळत नसेल तर इंग्रजीत सांगू का? हाही प्रश्नच. बुलेट चालवणारी, पाटलाची लेक सगळ्यांसमोर विचारते तेव्हा टाळ्या पडतात. पण मंजुळे यांनी ते टाळ्यांसाठी लिहिलेलं नाही. उत्तरार्धात तीच मुलगी हैदराबादेत येऊन पडते. तिथे तिचं मराठी कुणाला कळत नाही, इंग्रजीचा उपयोग नाही, आणि बापाचं आडनाव कुणाला ठाऊक नाही. सुमनअक्का नावाची एक बाई वस्तीतली एक मोकळी खोली देते. परश्या डोशाच्या गाडीवर राबतो, आर्ची बाटल्या भरण्याच्या कारखान्यात कामाला लागते आणि हळूहळू तेलुगू शिकते. पूर्वार्धात जिने भाषेचा रुबाब दाखवला तिला पोटासाठी तिसरी भाषा पहिल्यापासून शिकावी लागते. ते टाळीचं वाक्य असं परत येतं, एकही शब्द न उच्चारता. पटकथा म्हणतात ती याला.

पहिल्यांदा 'सैराट' पाहिला तेव्हा बऱ्याच जणांना उत्तरार्ध संथ वाटला होता. गाणी संपली, मित्र गेले, बोलणंही कमी झालं. पण कामासाठी गाव सोडून पत्र्याच्या खोलीत संसार मांडलेल्या माणसाला त्यात संथ काही वाटत नाही. स्टोव्ह, पाण्याचा हंडा, भांडण, समजूत, दुसऱ्या दिवशी पुन्हा शिफ्ट. हे त्याचंच चित्र. बोलायला तिथे वेळ कुठे असतो?

त्या गुरुवारी नाणेकरवाडीत 'बनवाबनवी' संपल्यावर मोबाइलवर आपोआप पुढचा सिनेमा लागला तो 'सैराट'. पोळ्या झाल्या होत्या, पाचवाही उठला होता. जेवतानाही पोरं संवाद म्हणत राहिली. कॉलेजातली, विहिरीवरची, परश्याच्या मित्रांची, लंगड्याची आणि सल्याची, सगळी. मग हैदराबाद आलं तसे आवाज कमी होत गेले. शेवट जवळ आला. आर्ची आता घराच्या दारात रांगोळी काढते आहे. समोर माहेरची माणसं उभी राहतात, आईने पाठवलेल्या वस्तू घेऊन. ती त्यांना आत घेते, चहा टाकते. शेजारीण पोराला घेऊन बाहेर गेली आहे. ती परत येते, पोर आत पाऊल टाकतं, आणि सिनेमाचा आवाज बंद होतो. रक्तात भिजलेली चिमुकली पावलं दाराबाहेर, फरशीवर उमटत जातात.

लेखकाने इथे कुणालाही एक शब्द दिलेला नाही. खोलीतही कुणी काही म्हणालं नाही. कणीक मळणाऱ्या पोराने हात धुतले, मोबाइल उचलला आणि पालथा ठेवला. पत्र्यावर पाऊस सुरू झाला होता. रात्रीच्या शिफ्टवाल्याने डबा भरून घेतला आणि कंपनीची बस चौकात यायच्या आधी तो बाहेर पडला.